सही-शिक्क्याची दांडी

बिश्केक, मंगळवार, १९ मे २००९

आदरणीय थोरल्या बहिणीला, झूराकान एजे यांना,

धाकट्या बुरुलचाचा इथूनच कमरेत वाकून सलाम. तुम्ही बऱ्या आहात ना? गुडघा काय म्हणतो? (डाव्याचं विचारते आहे. उजव्याबद्दल तुम्ही आजवर तक्रार केली नाहीत, तेव्हा तो बराच असणार.) आपला एर्मेक, सूनबाई नुरजामाल आणि बेकतूर, सगळे खुशाल असतील. मेंढ्या, काळी गाय, ती लंगडी घोडी, यांचीही खबर कळवा. मागच्या खेपेला मला चावलेला कुत्रा अजून असेल तर त्याला मी विचारल्याचं सांगा. नसेल तर मला मनापासून वाईट वाटलं असं धरून चाला. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे उभी आहे. बसायला मिळालं की जास्त ठीक असेन.

फोन का केला नाही म्हणाल. एजे, तुम्ही फोन कानाला लावतच नाही, तोंडासमोर धरून ओरडता, आणि मी इथून जे बोलते ते अख्ख्या आळीला ऐकू जातं. मागे मी तुम्हाला दाताबद्दल सांगितलं, तर आठ दिवसांनी तुमच्या गावचा पशुवैद्य बाजारात भेटला आणि दाढ काढली का म्हणून विचारू लागला. या वेळी जे सांगायचं आहे ते फक्त तुमच्याकरता आहे. म्हणून हे पत्र गाडीवाल्या सापारच्या हाती देते आहे. तो उद्या पहाटेच निघतो. सोबत चहाची दोन पाकिटं आणि साखर आहे. पत्र एर्मेककडून वाचून घेऊ नका. चष्मा शोधा. तो पिठाच्या डब्यावर असतो.

तर मुद्द्याचं. बेकतूर पेटीला धरून उभा राहिला, पेटी सोडून दोन पावलं चालला आणि आपटला, हा तुमचा निरोप पोचला. शनिवारी, तेवीस तारखेला, त्याच्या पायांना दोर बांधून कापायचा, पोरगं पुढे अडखळू नये म्हणून, असं ठरलंय हेही कळलं. एजे, मी त्या क्षणी विभागातल्या खिडकीपाशी उभी होते आणि हातात मस्टर होतं. मला इतका आनंद झाला की मी मस्टर कुंडीत ठेवलं आणि पाणी घालायच्या बेतात होते. (आमचा विभाग जलविज्ञानाचा आहे, पण नळाला पाणी येत नाही, त्यामुळे मस्टर वाचलं.) मी तिथल्या तिथे ठरवलं की जायचं म्हणजे जायचं. शुक्रवारी सकाळी निघायचं, शनिवारी सोहळा, रविवारी परत. म्हणजे विद्यापीठाकडून मला हवेत दोन दिवस. आणि दोन दिवसांचं मला काय मोठं? माझ्या फाइलीत एकेचाळीस पडले आहेत.

ते एकेचाळीस कसले, हे सांगायला हवं, कारण तुम्ही जन्मभर मेंढ्यांत काढलात आणि मेंढ्यांना रविवार नसतो. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर कायदा म्हणतो की त्या दिवसाचा दुप्पट पगार द्या, नाहीतर बदल्यात दुसरा एक दिवस सुट्टी द्या. त्या बदली सुट्टीला ओतगूल म्हणतात. कायदा फार प्रेमळ आहे. अडचण इतकीच की मी पगार मागायला दुसऱ्या मजल्यावर गेले की हिशेबनीस क्लारा एजे (ऑफिसात वयाने मोठी ती प्रत्येक बाई एजेच) म्हणतात, पैसे कुठले गं, तू आपली ओतगूल घे. ओतगूल मागायला मी खाली विभागात आले की आमचे प्रमुख मुराताली बायके (मानाने सगळ्यांचे थोरले भाऊ) म्हणतात, सुट्टी कुठली, माणसं कुठायत, तू आपले पैसे घे. अशी अठ्ठावीस वर्षं मी त्या जिन्यावर आहे. आता तर जिना चढताना कोणी विचारत नाही की कुणीकडे; नुसतं वर का खाली एवढंच विचारतात.

आणि दिवस साठतात तरी कसे ते ऐका. प्रवेश परीक्षा रविवारी, कारण रविवारी वर्ग रिकामे असतात. निवडणूक रविवारी, आणि मतपेट्या आमच्याच सभागृहात. तिथं पाण्याचा तांब्या भरायला मी. नौरोजला चौकात विद्यार्थी नाचतात, त्यांच्या टोप्या आणि कोट सांभाळायला मी. (एकदा सत्तर टोप्या दिल्या आणि एकाहत्तर परत घेतल्या. ती एक कुणाची होती ते अजून कळलेलं नाही, ती विभागात खुंटीवर आहे.) मागच्या हिवाळ्यात तळघरातला नळ फुटला तेव्हा प्लंबर येईपर्यंत त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायलाही मीच, जलविज्ञानवाली म्हणून. नळाला वाटलं असेल, आपल्या ओळखीचं कुणी आलं. दर वेळी मुराताली बायके एक चिठ्ठी लिहून देतात, मी ती फाइलीत लावते, आणि ते म्हणतात, बुरुलचा, तू म्हणजे आमच्या विभागाचा खांब आहेस. खांबाला सुट्टी लागत नाही हे त्यांनी मनात धरलंय, हे मला उशिरा कळलं.

आता गंमत पाहा. विभागाचं मस्टर मीच ठेवते. कोण आलं, कोण नाही, कुणाला ओतगूल, कोण आजारी, सगळं माझ्या अक्षरात. अठ्ठावीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या नावापुढे निदान हजारभर ओतगूल लिहिल्या असतील. स्वतःच्या नावापुढे एक नाही. तुम्ही म्हणाल, वेडी आहेस. आहेच. हे गेल्यापासून घरी बसून तरी काय करायचं, असंही वाटायचं. पण या वेळी मी अर्ज केला.

पहिला अर्ज मुराताली बायकेंनी दोनदा वाचला आणि दुखावल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "आता? तपासणी समिती येणार, आणि तू आता जाणार?" समिती कधी येणार ते त्यांना माहीत नाही, मला नाही, समितीलाही नसावं, पण गेली तीन वर्षं ती येणार आहे. मी म्हटलं, "बायके, नातू चालायला लागलाय." ते म्हणाले, "अभिनंदन गं! पण तू गेलीस तर विभागातल्या ओतगूलच्या नोंदी कोण ठेवणार?" एजे, हे ते गंभीरपणे म्हणाले. दुसरा अर्ज त्यांनी तारीख डावीकडे हवी म्हणून परत केला. तिसऱ्यात तारीख डावीकडे होती, तर युनियनवाल्याने उजवीकडे मागितली. चौथ्याला सगळे म्हणाले, हरकत नाही, पण आधी दुसऱ्याची सही आण. अशा सह्या आणायला मी इतके खेटे घातले की बुटाची टाच गेली. पाचव्याला मुराताली बायके म्हणाले की आठवड्यात मला डोकं वर काढायला फुरसत नाही, रविवारी ये, निवांत सही करतो. मी रविवारी गेले. ते आले नाहीत. पण मी सुट्टीच्या दिवशी कामावर हजर होते ना? सोमवारी त्यांनी ओशाळून मला त्या रविवारची एक ओतगूल लिहून दिली. म्हणजे दोन दिवस मागायला गेले आणि एक वाढवून आले. बेचाळीस.

सहाव्या अर्जाला मी तडक कर्मचारी विभागात नीना पेत्रोव्नाकडे गेले. तुम्ही तिला पाहिलंय, एर्मेकच्या लग्नात रशियन असून पाच वाट्या मटणाचा रस्सा प्यायली ती. सबंध इमारतीत कागद वाचणारी ती एकटी बाई. तिने माझी फाइल पुढ्यात घेतली, चष्मा लावला आणि चिठ्ठ्या एकेक करून दोन ढिगांत टाकू लागली. एक ढीग उंच होत गेला, एक बसकाच राहिला. म्हणाली, वर्षाच्या वरची ओतगूल बाद होते, असा नियम आहे. उंच ढीग बाद; बसक्या ढिगातल्या चालतील, पण त्यांना पुन्हा सगळ्यांच्या सह्या हव्यात. मी म्हटलं, नियम कधीचा? म्हणाली, पहिल्यापासूनचा, तुला कुणी सांगितलं नाही? आता मला कोण सांगणार, एजे, विभागात असले नियम सगळ्यांना सांगायचं काम माझंच आहे.

त्या उंच ढिगाच्या तळाशी सगळ्यात जुनी चिठ्ठी निघाली. पिवळी पडलेली, कोपरा उंदराने खाल्लेला. नीना पेत्रोव्नाने ती मोठ्याने वाचली: एक मे एकोणीसशे चौऱ्याऐंशी, मिरवणुकीत फलकाचा डावा दांडा धरल्याबद्दल एक ओतगूल. आधी ती हसली, मीही हसले. मग ती म्हणाली, "अगं, ज्या देशाने हा दिवस द्यायचा तो देशच उठून गेला." मी म्हटलं, "देश गेला. मी कुठे गेले? मी इथेच आहे."

तारीख तुम्हाला आठवली असेल. मला तर ती चिठ्ठी पाहूनच घाम फुटला. माझा एर्मेक तेव्हा वर्षाचा होऊन गेला होता, मी इथं नोकरीला म्हणून तुमच्यापाशी आणि आपल्या आईजवळ, आपाजवळ होता, आणि त्याचा दोर तुम्ही एक मेला कापायचा ठरवला होता, सगळ्यांना सुट्टी म्हणून. मी बॅग भरून ठेवली होती. आदल्या दिवशी यादी लागली, फलकाला डाव्या बाजूला माणूस कमी. मी विनवलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, त्यात काय, दिवसाच्या बदल्यात दिवस मिळेल, मग जा. मी तेवीस वर्षांची होते, मला ते खरं वाटलं. दिवसाच्या बदल्यात दिवस. मी दिवसभर तो दांडा धरून चालले, आणि तिकडे आपल्या आळीतल्या रीतीप्रमाणे पोरं खाऊसाठी धावली, आज्या-मावश्या सुरीसाठी धावल्या, आणि तुम्ही सगळ्यांना मागे टाकून जिंकलात आणि माझ्या पोराच्या पायातला काळा-पांढरा दोर कापलात. मला फोटो आला. एर्मेक एक पाय उचलून उभा आहे, आणि बाजूला तुमचा सुरी धरलेला हात. फक्त हातच आलाय. तो फोटो अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे.

असो. पुढचं ऐका, हसाल. सातवा अर्ज क्लारा एजेंनी, कागदाला समासच नाही, म्हणून नाकारला. आठवा मी गेल्या शुक्रवारी लिहिला. एजे, मी थकले होते. एका हाताने मस्टर भरत होते आणि दुसऱ्या हाताने अर्ज. मस्टरात आमच्या एका तरुण व्याख्यात्याची भानगड होती: तो सलग तीन दिवस न सांगता गायब, मासे धरायला गेला होता म्हणे, तर त्याच्या नावापुढे तीनदा प्रोगूल लिहायचं होतं. (तुम्ही शाळेत रशियनच्या तासाला मागच्या बाकावर लोकर विंचरत बसायचात, म्हणून सांगते. ओतगूल म्हणजे हक्काची सुट्टी, प्रोगूल म्हणजे मारलेली दांडी. दोन्ही शब्दांचं शेपूट एकच, आणि त्या शेपटाचा अर्थ भटकणं. एक परवानगी घेऊन भटकणं, एक न घेता. फरक नुसता तोंडाशी आहे.) तर तीनदा प्रोगूल लिहून हाताला तेच वळण लागलं, आणि अर्जात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मी, खाली सही करणारी बुरुलचा, नम्र विनंती करते की मला दिनांक बावीस व तेवीस मे रोजी प्रोगूल मंजूर करावा.

मला पत्ता नाही. मी तसाच तो कागद घेऊन निघाले, आणि एजे, काय सांगू, पाणी उताराला लागावं तसा तो कागद गेला. मुराताली बायकेंनी फोनवर बोलता बोलता लिहिलं, हरकत नाही. युनियनवाल्याने लिहिलं, कामगाराच्या हक्काचंच आहे. क्लारा एजेंनी लिहिलं, या दिवसांचे पैसे देय नाहीत. (हे मात्र कायद्याला धरून होतं.) आणि विद्यापीठाच्या प्रमुखांनी, रेक्टरसाहेबांनी, ज्यांना अठ्ठावीस वर्षांत मी जिन्यात सलाम करण्यापलीकडे भेटले नव्हते, त्यांनी हिरव्या शाईने सही केली: मंजूर, मात्र कामावर परिणाम होऊ नये. वर गोल शिक्का. नोंदवहीत क्रमांक चढला, दोनशे सतरा. सात अर्ज बिनचूक होते, ते सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचले. आठवा चुकला, तो कुणीच वाचला नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल, हिचं तेच रडगाणं.

नीना पेत्रोव्नाने वाचला. तिने मला बोलावून दार लावून घेतलं आणि बोट त्या शब्दावर ठेवलं. न सांगता गैरहजर राहिलं तर कामावरून काढता येतं, आणि माझी पेन्शन अजून लांब आहे. मी म्हटलं, द्या तो कागद इकडे, फाडते. ती म्हणाली, कसा फाडशील? नोंदवहीची पानं दोऱ्याने ओवून वर मोहोर लावलेली आहे, समिती आली की आधी तीच वही मागणार. मग तिला हसू आलं. तिचं हसू आवरेना म्हणून मला रडू आलं, आणि माझं रडू आवरेना म्हणून ती मला घेऊन थेट रेक्टरसाहेबांकडे गेली.

तिथली सभा मी मरेपर्यंत विसरणार नाही. साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मुराताली बायकेंना बोलावलं. बायके वाचत असताना मी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना पाहिल्या. मग ते भिंतीवरच्या इसिक-कूल सरोवराच्या नकाशापाशी गेले आणि त्याची खोली निरखू लागले. साहेबांनी विचारलं, "मी याच्यावर सही कशी केली?" बायके नकाशाकडेच पाहत म्हणाले, "आपण प्रत्येक कागद वाचूनच सही करता, असं आपलंच परिपत्रक आहे, साहेब." झालं. आता साहेबांनी न वाचता सही केली म्हणावं तर परिपत्रक खोटं, आणि वाचून केली म्हणावं तर दांडी खरी.

मग साहेब माझ्याशी फार गोड बोलू लागले. म्हणाले, "एजे, तुम्ही हा अर्ज स्वतःहून मागे घ्या. जुलैत परीक्षा संपल्या की मी तुम्हाला हक्काच्या ओतगूल देतो. दोन कशाला, चार घ्या." म्हणजे पुन्हा तेच! दिवसाच्या बदल्यात दिवस. एजे, मी आजवर तोंड वर करून बोलले नव्हते, पण माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, तो पोरगा चालायला लागलाय. त्याला जुलैपर्यंत मी कोणत्या अर्जाने बसवून ठेवू?" आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण बाहेरची टाइपिस्ट थांबली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नीना पेत्रोव्नाकडे. ती म्हणाली, दोनशे सतरा क्रमांक पडला आहे. बस्स, एवढंच.

निकाल असा लागला की आदेश कायम. त्यात बुरुलचा हिला दोन दिवस विनापरवानगी गैरहजर राहण्याची परवानगी देण्यात येत आहे, असं नीना पेत्रोव्नाने चेहरा न हलवता टाइप केलं. नियमाप्रमाणे दांडीला शिक्षा हवीच, म्हणून मला एक लेखी ताकीद. ती ताकीद सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर वाचून दाखवायची, तर आठवड्यात सगळे कधी जमतात? म्हणून सभा एकतीस तारखेला, रविवारी. आणि रविवारी मला यावं लागणार, सुट्टीच्या दिवशी, कामासाठी. नीना पेत्रोव्नाने आगाऊच चिठ्ठी करून दिली. बाद धरून त्रेचाळीस.

आज सकाळी मी मस्टर उघडलं आणि बावीस-तेवीसच्या चौकटींत, माझ्या नावापुढे, माझ्याच अक्षरात प्रोगूल लिहिलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा ठसठशीत लिहिलं. चौऱ्याऐंशीत मी दांडा धरला होता, आता दांडी मारते आहे. मी खूप दमले आहे एजे, पण खरं सांगू? हे लिहिताना बरं वाटलं.

तर शुक्रवारी पोचते. माझ्यासाठी काही वेगळं करू नका, मेंढी बिंढी कापू नका. कापलीच तर मला मानेकडचं ठेवा. सगळ्यांना सलाम, वडीलधाऱ्यांना वाकून, लहानांना जवळ घेऊन.

तुमची, आता अधिकृतरीत्या गैरहजर,
बुरुलचा

ता. क. माझी निळी गोधडी काढून उन्हात टाका. तुमच्याकडचा मे मला सोसत नाही.

ता. क. दुसरा. गोधडीसाठी काही मी सहा पानं लिहिली नाहीत. एजे, चष्मा नीट लावा आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहा. शनिवारी आज्यांची शर्यत लागेल. तुम्ही डावा गुडघा धरूनही माझ्यापेक्षा जोरात धावता, हे मला माहीत आहे. मी अठ्ठावीस वर्षं फक्त जिना चढले-उतरले. या वेळी हरा. गुडघा दुखला म्हणा, दगड लागला म्हणा, काहीही करा, पण सुरी माझ्या हाती येऊ द्या. जो दोर कापतो त्याच्या पायांचं वळण पोराला लागतं, असं आपा म्हणायची. एर्मेकचा तुम्ही कापलात, आणि पाहा, तो तुमच्याच अंगणात फिरत राहिला. इथं कॉलेजला आला तर सहा महिन्यांत परत पळाला. तुम्हाला हाका मारताना त्याचा आवाज वेगळा असतो आणि मला मारताना वेगळा. मी तक्रार करत नाही. (करतेच आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा करते आहे, ऐकून घ्या.) निदान नातवाचं एक पाऊल माझ्याकडे वळू दे. लाच म्हणून चौऱ्याऐंशीची ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. नीना पेत्रोव्नाने बाद ढिगातून काढून दिली. तिचं आता काही मिळत नाही, पण शिक्का खरा आहे.

ता. क. तिसरा. सापार गाडीत सामान भरतो आहे आणि मी त्याच्याच बॉनेटवर कागद ठेवून घाईघाईत लिहिते आहे. वरचं खोडायला वेळ नाही, पण ते वाचू नका. वाचलंत तर विसरा. मी आत्ता विचार केला की माझ्या पायांचं वळण लागून त्या पोराने काय करायचं? रविवारी कामावर जायचं? नको. तुम्ही धावा एजे, गुडघा बांधून जोरात धावा, आणि दोर तुम्हीच कापा. मला फक्त त्या वेळी त्याचे दोन्ही हात धरून समोर उभं राहू द्या, म्हणजे पहिलं पाऊल टाकेल ते माझ्याकडे टाकेल. चिठ्ठी मात्र परत करू नका. त्या दिवशी काम तुम्ही केलं होतं.